अंध मुलामुलींचं स्वावलंबन प्रशिक्षण: १२ आठवडे, फक्त शनिवार-रविवार. क्रम कसा लावावा?

वारजे_नाका

नमस्कार मंडळी. कर्वेनगर भागातल्या एका वसतिगृहात अकरावी ते पदवीच्या पहिल्या वर्षाची १२ मुलंमुली आहेत. ८ पूर्ण अंध, ४ अल्पदृष्टी. सगळी आपापल्या जिल्ह्यातल्या अंधशाळेतून दहावी होऊन पुण्यात आलेली. ब्रेल पक्कं, पाठांतर दांडगं, पण शाळेच्या फाटकाबाहेर एकट्याने जायची सवय नाही आणि चहा कायम कुणीतरी हातात आणून दिलेला.

जूनपासून शनिवार-रविवार ३-३ तास असे १२ आठवडे वर्ग घ्यायचे ठरलेत. आम्ही ४ स्वयंसेवक आहोत, चौघंही डोळस. प्रशिक्षित मोबिलिटी शिक्षक (काठीने एकट्याने फिरायला शिकवणारे) एकच, आणि तेही फक्त रविवारी. स्वयंपाकघरात दोन बर्नरची शेगडी आहे, शिवाय कुणीतरी देणगी दिलेली इंडक्शन.

आधी काठी घ्यावी की घरातली कामं? रस्ता ओलांडणं बाराही जणांना शिकवून होईल का? मुलांच्या हाती गॅस द्यावा की इंडक्शनवरच भागवावं? अल्पदृष्टी मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून शिकवतात असं ऐकलंय, ते बरोबर का? जाणकारांनी मापं, कृती आणि नेमकं काय बिघडतं ते सांगावं. प्रेरणादायी मजकूर नको, तो व्हॉट्सॲपवर रोज येतोच.

काठीटोक

आधी हिशेब करा. रविवारचे ३ तास गुणिले १२ म्हणजे ३६ तास. रस्त्यावरचं शिकवणं एकास एकच असतं, म्हणजे डोक्यावर आले ३ तास. तेवढ्यात पुण्याचा रस्ता ओलांडायला कुणी शिकत नाही. तेव्हा पहिले ४ रविवार सगळ्यांना आवारातच काठी शिकवा. उरलेले २४ तास ज्यांना आत्ताच रोज बसने कॉलेजला जायचंय अशा चार-पाच जणांना द्या, बाकीचे पुढच्या तुकडीत. बारा जणांना थोडं थोडं वाटलंत तर बाराही जण अर्धवट आत्मविश्वासाने रस्त्यावर उतरतील, आणि ते काहीच न येण्यापेक्षा वाईट.

स्वयंसेवकांनी रस्ता ओलांडणं शिकवू नये. ते काम भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या शिक्षकाचं. तुम्ही चौघांनी शनिवारी घ्यायच्या गोष्टी: डोळस माणसाबरोबर चालणं, भिंतीच्या आधाराने चालणं, आणि हाताने चेहरा-पोट सांभाळणं.

डोळस सोबतीची पद्धत तुम्हालाच आधी शिकावी लागेल. मुलाने तुमचा दंड कोपराच्या जरा वर धरायचा, अंगठा बाहेरच्या बाजूला, आणि अर्धं पाऊल मागे राहायचं. तुम्ही त्याला धरायचं नाही, ढकलायचं नाही, काठीचं टोक धरून ओढायचं तर मुळीच नाही. अरुंद जागा आली की धरलेला हात पाठीमागे न्या, तो आपोआप तुमच्या मागे येतो. जिन्यापाशी थांबा आणि 'वर' की 'खाली' एवढंच सांगा. खुर्चीत बसवताना खांदे दाबून बसवू नका, खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात टेकवा, बाकीचं त्याला येतं. आणि 'इथे', 'तिकडे', 'जरा त्या बाजूला' हे शब्द बंद. 'उजव्या हाताला दोन पावलं' असं बोला, आणि उजवा हात त्याचा, तुमचा नव्हे.

भिंतीला हात लावून चालताना बोटांची मागची बाजू टेकवायची, बोटं किंचित मुडपलेली, हात कमरेच्या उंचीला आणि शरीराच्या थोडा पुढे. तळवा टेकवला तर उघड्या दाराच्या फटीत किंवा खिळ्यावर बोटं अडकतात.

आता काठी. टोक जमिनीवर टेकवून उभी धरली की वरचं टोक छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यावं. चाल झपाझप असेल, टांग लांब असेल तर आणखी ५ ते ८ सेंमी. देणगीत सरसकट एकाच मापाच्या काठ्या येतात, हा मोठा घोटाळा. आखूड काठीने अडथळा कळतो तोवर पाऊल पडलेलं असतं. मग मूल वाकून आणि दबकत चालायला लागतं आणि सगळ्यांना वाटतं की मूलच घाबरट आहे.

मूठ बेंबीसमोर, शरीराच्या मध्यरेषेवर. तर्जनी काठीवर सरळ खाली. हालचाल मनगटातून, खांद्यातून नाही. कमान दोन्ही खांद्यांच्या बाहेर ५-५ सेंमी, टोक जमिनीपासून दोन-अडीच सेंमीहून वर उठू नये. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे टेकायला हवं, म्हणजे पुढच्या उजव्या पावलाची जागा आधीच तपासलेली असते. बहुतेकांचं हेच उलटं होतं. ज्या बाजूला पाय त्याच बाजूला टोक पडू लागलं तर थांबवा, उभं करा, जागेवर पाय न हलवता नुसती काठी, मग नुसते पाय, मग दोन्ही.

कमानीची रुंदी तपासायला शिक्षकाने सारखं 'जास्त झालं, कमी झालं' ओरडू नये. दोन लाकडी खुर्च्या खांद्यांच्या रुंदीपेक्षा १० सेंमी जास्त अंतर ठेवून समोर ठेवा. टोक दोन्ही पायांना टक-टक लागलं तर कमान बरोबर. एकच टक आली तर मूठ मध्यावरून सरकली आहे. चूक त्याची त्यालाच ऐकू आली पाहिजे. मूठ सरकलेला मुलगा सरळ चालतोय असं वाटत असतानाच एका बाजूला वाहत जातो आणि १५ मीटरच्या व्हरांड्यात भिंतीला जाऊन मिळतो.

पेव्हर ब्लॉकच्या फटीत टोक अडकलं की काठीची मूठ पोटात बसते. दोन उपाय. मूठ आवळून धरायची नाही, टोक अडकलं की काठी हातातल्या हातात सरकली पाहिजे. आणि पेन्सिलसारख्या बारीक टोकाऐवजी जाड गोल किंवा फिरतं टोक लावायचं. फिरतं टोक जमिनीवरून उचलायचंच नाही, घासत न्यायचं. कर्वे रोडसारख्या जागोजागी फोडलेल्या फुटपाथला तेच बरं. घडीच्या काठीतलं इलॅस्टिक सैल पडलं की सांधे खुळखुळतात आणि टोकाची कंप हातापर्यंत पोचत नाही. मुठीजवळची गाठ सोडून इलॅस्टिक ताणून पुन्हा बांधा. टोकाचं प्लास्टिक झिजून ॲल्युमिनियम दिसायला लागलं तर त्याच दिवशी बदला.

जिना चढताना काठी उभी, पेनसारखी धरलेली, टोक पुढच्या पायरीच्या कडेला टकटक लागत जातं. टक लागायची थांबली की एक पायरी उरली. उतरताना काठी तिरकी पुढे, टोक खालच्या पायरीच्या जरा वर तरंगतं. टोक जमिनीला टेकलं की एकच पायरी. हे वसतिगृहाच्या जिन्यावर जमलं की पर्वतीला न्या. तिथल्या दगडी पायऱ्या रुंद आहेत, एकेका पायरीवर दोन-तीन पावलं पडतात, आणि खोली सारखी नाही. पायऱ्या मोजून उतरणारी मुलं तिथे उघडी पडतात. काठीवर भरवसा ठेवणारी बिनघोर उतरतात. सकाळी सातच्या आत जा, नंतर व्यायामवाल्यांची पळापळ असते.

मार्ग शिकवताना कायमची खूण आणि तात्पुरता इशारा वेगळे ठेवायला शिकवा. उतार, भिंतीचा कोपरा, झाकणाचं लोखंड, फुटपाथची संपलेली कड या खुणा. बेकरीचा वास, पिठाच्या गिरणीचा आवाज हे इशारे. गिरणी दुपारी बंद असते, बेकरीला सुट्टी असते. निव्वळ इशाऱ्यांवर बांधलेला मार्ग सुट्टीच्या दिवशी कोसळतो. आणि परतीचा मार्ग हा वेगळा मार्ग धरा, त्याच्या खुणांची वेगळी यादी करा. जाता येतं म्हणजे येता येतं असं नाही.

गुडघ्याच्या वर अधांतरी असलेलं काठीला कळत नाही. उभ्या टेंपोचं उघडं फाळकं, फ्लेक्सची चौकट, गणपतीच्या आधी महिनाभर पडणारे मांडवाचे बांबू. आयआयटी दिल्लीने केलेली स्मार्टकेन (२०१४) त्यासाठी आहे: काठीच्या मुठीवर ध्वनिलहरींचं यंत्र, गुडघ्याच्या वरचा अडथळा ३ मीटरपर्यंत कंपनाने कळवतं. पण साधी काठी पक्की झाल्यावरच द्या, नाहीतर मूल कंपनाकडे लक्ष देतं आणि खड्डा विसरतं.

पावसात दोन गोष्टी. रेनकोटची टोपी कान झाकते, आणि कान झाकले की निम्मी माहिती गेली. कान उघडे राहतील अशी कडेची टोपी वापरा. आणि धो-धो पावसात वाहनांचा आवाज एकमेकांत मिसळतो, त्या वेळी नवशिक्याला चौकात उभं करू नका.

फोडणी

मोबिलिटीचं वर आलंच आहे, मी ओट्याचं सांगते.

गॅस द्या. मी तर म्हणेन गॅसच द्या. ज्योतीचा आवाज येतो, बटण हाताला कळतं, कुठल्या स्थितीला बारीक-मोठं ते बोटात बसतं. देणगीतली इंडक्शन बहुधा गुळगुळीत काचेची, नुसत्या स्पर्शाने चालणारी असेल. तिच्यावर बोट फिरवून बटण शोधायला गेलं की तेवढ्यात तीन बटणं दाबली जातात. दाबायची किंवा फिरवायची बटणं असतील तर ठेवा, नाहीतर परत देऊन टाका. फुगीर टिकल्या चिकटवून काम भागतं, पण वाफेने आणि पुसण्याने त्या पंधरा दिवसांत सुटतात.

एका बर्नरला दोनच मुलं, म्हणजे एका वेळी चार. उरलेल्या आठांना त्या वेळात पैसे, कपडे, फोन. सगळ्यांना ओट्याभोवती गोळा करून 'बघा' म्हणण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी गॅस पेटवायचाच नाही. सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, शेगडी हाताने ओळखायची. बंद शेगडीवर पातेलं ठेवायचं आणि भोवती बोट फिरवून जाळीची टोकं सगळीकडून सारखी बाहेर आलीत का ते बघायचं. सारखी असली की पातेलं मधोमध. हे दहा वेळा. मग लायटर: लायटर बर्नरच्या कडेला टेकवून आधी दाबायला सुरुवात, लगेच बटण. आधी बटण फिरवून मग लायटर शोधायला गेलं की गॅस साचतो आणि भपकन पेटतो, आणि मग ते मूल महिनाभर शेगडीजवळ येत नाही. ओढणी खोचलेली, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, सुती कपडे. संपल्यावर शेगडीचं बटण बंद आणि रेग्युलेटरही बंद, दोन्ही तोंडाने बोलून.

चहापासून सुरुवात करा. दोन कपांसाठी दीड लिटरचं उंच पातेलं घ्या, म्हणजे ते निम्म्याच्या कितीतरी खाली भरतं आणि उतू जायला जागा राहते. ज्या कपातून प्यायचं त्याच कपाने एक कप पाणी, एक कप दूध मोजायचं. कपात थंड पाणी ओतताना तर्जनीचं पेर कडेवरून आत सोडलेलं असावं, बोटाला पाणी लागलं की थांबायचं. पाण्यात दोन सपाट चमचे साखर, दीड चमचा चहा पावडर, ठेचलेलं आलं. पाणी आधी बारीक सूं करतं, मग खदखदतं. खदखदीला दूध घालायचं आणि ज्योत लगेच बारीक करायची. दूध घातल्यावर आवाज एकदम बंद होतो, मग पुन्हा चढत जातो आणि वर यायला लागला की जाड, दबका होतो. तो दबका आवाज ओळखायला पाच-सहा खेपा लागतात. उतू जाऊ दे एकदोनदा, ओटा पुसायचंही शिक्षण आहेच.

गाळताना दोन्ही कप खोलगट थाळीत ठेवा, सांडलं तर थाळीत. गाळणी कपावर टेकवलेली, पातेल्याचं तोंड गाळणीच्या कडेला टेकवलेलं, मग तिरकं करायचं. गरम चहात बोट घालायचं नाही हे सांगायला नको. आणि भरून वाहण्याची भीतीही नको, कारण दोन कप मोजून घातलेत तर दोनापेक्षा जरा कमीच निघणार. कपाच्या काठाला अडकवायचं, चहा वर आला की पीं करणारं यंत्र मिळतं, पाहुण्यांच्या अनोळखी कपांना ते उपयोगी.

चहा झाल्यावर थेट फोडणी. डोळस लोकांना हे धाडस वाटतं, पण फोडणी ही मुळात ऐकायचीच गोष्ट आहे. तेल बाटलीतून ओतायचं नाही. रुंद तोंडाच्या बरणीत पळी ठेवा, एक पळी म्हणजे किती ते एकदा चमच्यांनी मोजून घ्या. तेल तापलं का हे बघायला मोहरीचा एकच दाणा टाकायचा. तडकला तर बाकीची मोहरी. तडतड वाढते, ऐन भरात येते आणि मंदावते. मंदावली की ज्योत बारीक, मग जिरं, हिंग, हळद. हळद शेवटी, आणि लगेच कांदा किंवा पाणी. हळद जळाल्याचा वास कडवट असतो, तो मुद्दाम एकदा जाळून दाखवा. झाकण डाव्या हातात तयार ठेवायचं.

मिसळणाच्या डब्याची गंमत सांगते. डबा गोल, आतल्या वाट्याही गोल, त्यामुळे डबा धुऊन परत भरला की सगळा क्रम फिरतो. डब्याच्या बाहेरच्या कडेला एके ठिकाणी जाड दोरा बांधा किंवा एम-सीलचा थेंब चिकटवा. मधल्या वाटीत मोहरी, खुणेसमोर जिरं, तिथून घड्याळाच्या दिशेने हळद, तिखट, धनेपूड असा कायमचा क्रम. वास घेऊन ओळखता येतं हे खरं, पण तिखटाच्या वाटीत नाक घालणारा पुढची पाच मिनिटं कामाचा राहत नाही.

कांदा: आधी देठाकडून उभे दोन भाग, मग सपाट बाजू पाटाला. गोल कांदा घरंगळतो म्हणून बोटं कापली जातात. डाव्या हाताची बोटं आत वळवलेली, सुरीचं पातं बोटांच्या पेराला घासत खाली. विळीबद्दल मतभेद आहेत. माझं मत विळीच्या बाजूने: पातं जागेवर स्थिर असतं, दोन्ही हात भाजीवर असतात आणि पातं कुठे आहे हे शोधावं लागत नाही. मात्र विळी मोकळी सोडून उठायचं नाही, पातं दुमडूनच.

पोळी आठव्या आठवड्याच्या आत आणू नका. लाटताना कडेने बोटं फिरवून जाडी बघायची. बहुतेकांची पोळी मध्ये पातळ आणि कडेला जाड होते, कारण लाटणं मधल्या मध्ये दाबलं जातं. दर चार हातांनी पोळी पाव फिरवली की बरोबर येते. तव्याला उभी कड असावी, उलथनं कडेला टेकवून आत सरकवायचं. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, बर्फ, हळद काही नाही.

वाढण्याचं मात्र आपल्याकडे आयतं आहे. परदेशी पुस्तकात ताटाला घड्याळ समजून सहा वाजता भात, तीनला भाजी वगैरे शिकवतात. आपल्या ताटाची जागा ठरलेलीच आहे: वर मीठ, डावीकडे लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात-पोळी. फक्त वाढणाऱ्याने ती पाळायला हवी. कॅन्टीनच्या कप्प्यांच्या ताटात कोण काय कुठे ओतेल नेम नसतो, तिथे वाढप्याला विचारायचं.

बसचा_पास

थोडकंच. बसथांब्यावर 'ही कोथरूड डेपोची का?' असं विचारायला शिकवू नका. घाईतला माणूस 'हो हो' म्हणून मोकळा होतो. 'ही कुठली बस?' असं विचारलं की उत्तर देणाऱ्याला पाटी वाचावीच लागते. दुसरं, पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस जवळ येईपर्यंत आवाजच करत नाहीत, टायरचा घासता आवाज ओळखावा लागतो. डेपोजवळच्या फुटपाथवर उभं राहून नुसता अर्धा तास ऐकण्याचा वर्ग घ्या. तिसरं, थांबा ओळखताना उद्घोषणेवर विसंबू नका, वळणं आणि पुलाचा चढ-उतार मोजा. मेट्रोच्या स्थानकात जमिनीवरच्या उभ्या रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांबा किंवा वळण. पहिली खेप दुपारच्या रिकाम्या वेळी, आणि स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांना आधी सांगून.

वारजे_नाका

सगळ्यांचे आभार. इंडक्शन खरंच काचेची आहे, परत जाईल. काठ्या मोजल्या, बाराही एकाच मापाच्या निघाल्या! पैशांचं आणि फोनचं कुणी सांगेल का? आणि पट्टीचा प्रश्न राहिलाच.

कीबोर्डवाला

नोटा. नव्या नोटांची लांबी मिलिमीटरमध्ये: १० ची १२३, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. रुंदी १० आणि २० ची ६३, बाकीच्यांची ६६. शंभर, दोनशे, पाचशे यांत फक्त ४-४ मिमीचा फरक, तो नुसत्या बोटांना कळत नाही, मोजपट्टी लागते. जाड पुठ्ठ्याची १६ सेंमी पट्टी कापा, एका टोकाला दुमड करून अडण तयार करा, अडणीपासून वरच्या मापांवर कडेला खाचा पाडा. नोट अडणीला टेकवायची, दुसरं टोक कुठल्या खाचेशी येतं ते नखाने बघायचं. पाकिटात मावते.

गडबड होते ती जुन्या नोटांनी. जुनी २० ची नोट १४७ लांब, म्हणजे जवळजवळ नव्या २०० एवढी. जुनी १० ची १३७, म्हणजे नव्या ५० च्या जवळ. तिथे रुंदी बघायची: जुन्या १० आणि २० ची रुंदी ६३. म्हणून पट्टीच्या दुसऱ्या कडेला ६३ आणि ६६ च्या खाचाही पाडा. कडेच्या उठावदार तिरक्या रेघा १०० वर चार, २०० वर चार आणि मध्ये दोन गोल, ५०० वर पाच. पण भाजीवाल्याकडून आलेल्या नोटेवर त्या घासून गेलेल्या असतात. रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप (जानेवारी २०२०) इंटरनेटशिवाय चालतं आणि नोट किती रुपयांची ते सांगतं. नोट खरी की खोटी ते सांगत नाही. नाण्यांत २० चं बारा कोनांचं, ते चटकन कळतं.

ओळखलेली नोट लगेच ठरावीक घडी घालून ठेवायची: १०० सरळ, २०० आडवी दुमडलेली, ५०० आडवी-उभी दोन्ही. घडी प्रत्येकाची वेगळी असली तरी चालेल, पण तीच कायम.

फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडमधली सोय. पहिले दोन तास फक्त तीन गोष्टी: उजवीकडे बोट सरकवलं की पुढचं, डावीकडे मागचं, दोनदा टिचकी म्हणजे उघड. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद धरली की टॉकबॅक चालू-बंद. हे मित्रांनाही शिकवा, नाहीतर 'फोन बिघडला' म्हणून कुणीतरी सगळा फोन कोरा करून आणतो. यूपीआयचा पिन एका कानात इअरफोन घालूनच. क्यूआर शोधताना फोन आधी त्या पाटीवर चपटा टेकवायचा, मग सरळ वर वीतभर उचलायचा; तिरका केला की चौकटीबाहेर जातो. दुकानातला 'इतके रुपये प्राप्त झाले' म्हणणारा डबा दुकानदारासाठी असला तरी मुलांना पडताळा म्हणून उत्तम.

संगणकावर पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट आहे, मराठी वाचतं. माऊस काढून कपाटात ठेवा, म्हणजे स्वयंसेवकही मधे हात घालणार नाहीत.

काठीटोक

पट्टीबद्दल. अमेरिकेत लुइझियाना सेंटर फॉर द ब्लाइंड (१९८५) आणि त्याच्यासारख्या केंद्रांत अल्पदृष्टी असलेलेही प्रशिक्षणात पूर्ण वेळ पट्टी बांधतात. कारण सरळ आहे: थोडं दिसत असलं की माणूस त्या थोड्याच्याच मागे लागतो, मान वाकवून डोळे ताणतो आणि काठी नुसती हातात लोंबते. दुसरी बाजू अशी की ज्याची दृष्टी स्थिर आहे त्याने ती वापरायला शिकणं हेही शिक्षणच. माझ्या मते सरसकट नियम नको. रेटिनायटिस पिगमेंटोसासारखा आजार असेल, जिथे आधी रात्रीचं जातं आणि मग कडेचं, तिथे पट्टी बांधून काठी शिकवणं फायद्याचं. संध्याकाळी सातनंतर त्या मुलाला ती लागणारच आहे. इतरांना पहिल्या तीन आठवड्यांत नको. नंतर अर्ध्या अर्ध्या तासाने, त्यांच्या संमतीने, आधी आवारात. रस्त्यावर पट्टी फक्त प्रशिक्षित शिक्षकासोबत.

आणि अल्पदृष्टी मुलांसाठी रंगाचा विरोध वापरा: पांढरा कांदा काळ्या पाटावर, चहा पांढऱ्या कपात, दूध गडद कपात, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. स्टीलचा ओटा ट्यूबलाइटखाली चकाकतो आणि त्यांना काहीच दिसेनासं होतं, त्यावर मळकट रंगाचं रबर अंथरा.

रस्ता ओलांडण्याचं एकच सांगून ठेवतो, स्वयंसेवकांना माहीत असावं म्हणून. सिग्नलच्या चौकात आपल्याला समांतर, उजव्या हाताने मागून जाणारी वाहनं एकदम उचल घेतात तो आवाज म्हणजे निघायची वेळ. पण त्यातलीच काही डावीकडे वळून आपल्या समोरून कापतात, आणि जिथे डावीकडे वळायला सिग्नलच नाही तिथे ती थांबतच नाहीत. पुण्यातला खरा धोका हा. एकेरी वाहतुकीच्या लक्ष्मी रोडवर आणि जंगली महाराज रस्त्यावर उलटी येणारी दुचाकी हा दुसरा. तेव्हा काठी आधी पुढे तिरकी दाखवायची, दोन सेकंद थांबायचं, मग पाऊल.

बी१

रविवारी शेवटचा अर्धा तास खेळाला ठेवा, काठीवरचा ताण तिथे उतरतो आणि कान तयार होतात ते वेगळंच.

क्रिकेटला कडक प्लास्टिकचा पांढरा चेंडू, आत छर्रे. गोलंदाजी हात खालून. गोलंदाज 'रेडी?' विचारतो, फलंदाज 'येस' म्हणतो, मग 'प्ले' म्हणून चेंडू सुटतो. 'प्ले' न म्हणता टाकला तर तो धरायचा नाही. स्टंप लोखंडी, लागल्याचा आवाज यावा म्हणून. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट. छर्रेवाला चेंडू मिळेपर्यंत जुना फुटबॉल कुरकुरीत कॅरीबॅगमध्ये घट्ट बांधा, पण बॅग दहा मिनिटांत फाटते, चार-पाच जवळ ठेवा.

बुद्धिबळाच्या पटात प्रत्येक घराला भोक, काळी घरं किंचित उंच, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोक. दोघांचे पट वेगळे आणि चाल तोंडाने सांगायची. मोहरा भोकातून उपसला की 'हात लावला' असं धरतात, नुसतं चाचपण्याला बंदी नाही. ए, बी, सी, डी, ई ऐकताना गल्लत होते म्हणून स्तंभांना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर म्हणतात.

हॉल मिळाला तर गोलबॉल. मैदान १८ बाय ९ मीटर, तिघे-तिघे, सव्वा किलोचा घुंगरू असलेला चेंडू जमिनीवरून सरपटत फेकायचा आणि आडवं पडून अडवायचा. इथे मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, अल्पदृष्टीवाल्यांच्याही, नियमच आहे. रेषा हाताला कळाव्यात म्हणून ५ सेंमी रुंद चिकटपट्टीच्या खाली ३ मिमी जाडीची सुतळी ताणून घालायची. सुतळी आधी दोन्ही टोकांना ताणून चिकटवा, मग वरून पट्टी. उलटं केलंत तर ती मधे सळसळते आणि दुसऱ्याच डावात उखडते.